कार्ब्युरेटर बसवल्यावर पेट्रोल उतू जायचं, ते असं थांबलं

देवगडच्या खाऱ्या हवेत गाडीच्या इंजेक्शनचे (इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पेट्रोल फवारणारी यंत्रणा) वायरींचे कनेक्टर गंजून हिरवे पडले, म्हणून कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा जुन्या पद्धतीचा भाग) आणि डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगना करंट वाटणारा भाग) बसवला. गाडी सुरू व्हायची, काळा धूर सोडून बंद पडायची. कार्ब्युरेटरच्या तोंडातून पेट्रोल ओघळायचं. फ्लोट (आतली पेट्रोलची पातळी ठरवणारा तरंगता भाग) खालीवर केला, नीडल व्हॉल्व्ह (पातळी भरली की पेट्रोल अडवणारी सुई) नवा टाकला. फरक शून्य. जीव मेटाकुटीला आला.

कारण प्रेशर. इंजेक्शनचा पंप साधारण ४० पीएसआय (दाबाचं एकक) देतो. कार्ब्युरेटरची सुई जेमतेम ३ ते ५ पेलते.

आधी लाइनमधलं प्रेशर सोडलं, मग बॅटरीची निगेटिव्ह काढली. टाकीतला पंप काढून कमी दाबाचा इलेक्ट्रिक पंप टाकीजवळच, खालच्या अंगाला लावला. पुढे फिल्टर, रिटर्नवाला रेग्युलेटर (जास्तीचं पेट्रोल टाकीत परत पाठवून दाब मापात ठेवणारा), गेज (दाब दाखवणारं मीटर). जुनी रिटर्न लाइन तशीच वापरली. गेजवर ३ पीएसआय आल्यावरच फ्लोट मापात आणला. पंपाचा करंट ऑइल प्रेशर स्विचमधून (इंजिनात ऑइलचा दाब असेल तरच करंट जाऊ देणारा) घ्या, इंजिन बंद पडलं की पंपही थांबतो. हे टाळू नका.