टॉवेल निर्यातदारांसाठी: बायरना मेल पाठवण्याआधीची तयारी

जानेवारीत फ्रँकफर्टला हाइमटेक्स्टिल हे घरगुती कापडाचं मोठं प्रदर्शन भरतं. त्याआधी, दिवाळीची सुट्टी संपून माग सुरू झाले की सोलापूरच्या टॉवेलवाल्यांच्या ऑफिसांत परदेशी बायरना मेल पाठवायची गडबड उडते. ही तयारी त्या गडबडीआधी करायची आहे. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने, तर मे २०२५ पासून मायक्रोसॉफ्टच्या आउटलुकने येणाऱ्या मेलचे नियम कडक केले आहेत. माल कितीही चांगला असो, मेल स्पॅममध्ये पडला तर तो बायरच्या नजरेलाच पडत नाही.

सगळ्यात आधी डोमेन (वेबसाइटचं आणि मेलपत्त्यात @ नंतर येणारं नाव) कोणाच्या नावावर आहे ते पाहा. बऱ्याच कारखान्यांची वेबसाइट कुणा ओळखीच्या मुलाने काही वर्षांपूर्वी करून दिलेली असते आणि लॉगिन-पासवर्ड अजून त्याच्याकडेच असतो. तो आधी आपल्या ताब्यात घ्या. पुढच्या नोंदी त्या लॉगिनने उघडणाऱ्या डोमेनच्या पॅनेलमध्येच होतात. डोमेन असूनही धंद्याचे मेल साध्या जीमेल पत्त्यावरून जात असतील, तर तेही आताच बदला. जीमेलचा पत्ता ‘फ्रॉम’मध्ये टाकून भलत्याच सर्व्हरवरून घाऊक मेल सोडणं गूगलच्या नियमांत बसत नाही.

मग मेल खरंच आपलाच आहे हे समोरच्या सर्व्हरला पटवणाऱ्या तीन नोंदी करायच्या: एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क. आपल्या नावाने मेल पाठवायची परवानगी कोणत्या सर्व्हरना आहे, हे एसपीएफ सांगतं. त्यासाठी आधी कागदावर लिहून काढा की आपल्या डोमेनवरून कोणकोण मेल पाठवतं: मेल होस्टिंग, बिलिंगचं सॉफ्टवेअर, घाऊक मेलची सेवा. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते. दोन झाल्या की दोन्ही निकामी होतात, आणि ही चूक फार ठिकाणी सापडते. डीकेआयएम म्हणजे प्रत्येक मेलवरची सही. तिची किल्ली २०४८ बिटची घ्या. या तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं, हे डीमार्क सांगतं. त्याची सुरुवात ‘नन’ (काही करू नका) या धोरणाने केली तरी नियम पाळला जातो, पण तिथेच थांबू नका. डीमार्कचे रिपोर्ट पाहून आपले सगळे खरे मेल पास होतात याची खात्री झाली की ‘क्वारंटाइन’ (स्पॅममध्ये टाका) आणि मग ‘रिजेक्ट’वर (घेऊच नका) जा. मी हे इतकं आग्रहाने सांगतो, कारण इथे केवळ जाहिरातीचा प्रश्न नाही. निर्यातदाराच्या नावाने बायरला खोटा मेल जातो, ‘आमचं बँक खातं बदललं आहे’ म्हणून कळवलं जातं आणि कंटेनरचे पैसे तिसऱ्याच्याच खात्यात जमा होतात. आपलंच डोमेन वापरून केलेली ही बनवाबनवी कडक डीमार्क रोखू शकतं. मिळत्याजुळत्या नावाचं वेगळं डोमेन घेऊन केलेली मात्र त्याने थांबत नाही. म्हणून खातं बदलल्याचा मेल आला तर फोनवर खात्री केल्याशिवाय पैसे पाठवू नका, हे प्रत्येक बायरला आधीच सांगून ठेवा.

नव्या बायरना जाणारे मेल मुख्य पत्त्यावरून न पाठवता सबडोमेनवरून (डोमेनच्या आधी एक शब्द जोडून केलेल्या नावावरून) पाठवा. लोकांनी ते स्पॅम ठरवले तरी प्रोफॉर्मा इनव्हॉइस (आगाऊ बिल) आणि बिल ऑफ लेडिंगचा (जहाजावर माल चढल्याच्या कागदाचा) मसुदा ज्या पत्त्यावरून जातो, त्याला झळ कमी बसते. मात्र दिवसाला ५,००० मेलच्या वर गेलेल्यांना गूगल जास्त कडक नियम लावतं, आणि ही मोजणी सबडोमेन धरूनच होते. ‘आपण कुठे एवढे पाठवतो’ म्हणूनही निर्धास्त राहू नका. एसपीएफ किंवा डीकेआयएमची अट आणि तक्रारींची मर्यादा लहान पाठवणाऱ्यालाही लागू आहे. ही मर्यादा ०.३ टक्के आहे, आणि गूगलचा सल्ला ०.१ टक्क्याच्या खाली राहण्याचा. म्हणजे हजार जणांपैकी तिघांनी ‘स्पॅम’चं बटण दाबलं की आपण काठावर आलो.

म्हणूनच खरं काम यादीचं आहे. नोंदी करायला एक दुपार पुरते, यादीला आठवडा द्या. ‘दहा हजार इम्पोर्टर्सचा डेटा’ म्हणून विकत घेतलेली फाइल असेल तर ती सरळ बाजूला काढा. तिच्यात बंद पडलेले पत्ते असतात आणि स्पॅम पाठवणाऱ्याला पकडण्यासाठी मुद्दाम पेरलेले पत्तेही असू शकतात. उरलेल्या प्रत्येक नावापुढे लिहा: पत्ता कुठून मिळाला, शेवटचं बोलणं कधी झालं, बायर कोणत्या देशातला आहे. पत्ता कुठून आला हे ऑफिसात कोणालाच सांगता येत नसेल तर ते नाव खोडा. यादी निम्म्यावर आली तरी वाईट वाटून घेऊ नका. टॉवेल खरेदी करणारी माणसं त्या उरलेल्या निम्म्यातच आहेत.

देशाचा रकाना कायद्यासाठी लागतो. अमेरिकेत आधी परवानगी लागत नाही, पण मेलमध्ये टपालाचा खरा पत्ता हवा, विषयाची ओळ फसवी नको आणि नको म्हणणाऱ्याला कामकाजाच्या १० दिवसांत यादीतून काढायला हवं. पहिल्याच मेलच्या विषयात ‘आरई’ लावून जुनं बोलणं चालू असल्याचा भास निर्माण करणं त्यामुळे बाद. कॅनडात संमती लागते. बायरने स्वतः कार्ड दिलं असेल आणि मेल त्याच्या कामाचा असेल तर ती गृहीत धरता येते. जर्मनीत कंपनीला जाहिरातीचा मेल पाठवायलाही आधी स्पष्ट संमती हवी. फ्रँकफर्टच्या स्टॉलवर नुसतं कार्ड गोळा करू नका. मेल पाठवू का, हे विचारून कागदावर टिक करून घ्या. जर्मनीतल्या ज्या नावांची अशी संमती नाही, त्यांना घाऊक मेलमधून वगळा.

मजकूर थोडकाच ठेवा. बाथ टॉवेल, ७० बाय १४० सेंमी, ४५० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम वजन), रंग किती, कमीत कमी ऑर्डर किती, माल न्हावाशेव्याहून किती दिवसांत निघेल, एवढं बायरला पुरतं. सोलापुरी टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, त्याची एक ओळ शोभून दिसेल. अवजड कॅटलॉग जोडू नका, आपल्या वेबसाइटवर ठेवून लिंक द्या.

रोज ५,०००च्या वर पाठवणाऱ्यांना एका क्लिकमध्ये नाव काढण्याची सोय द्यावीच लागते, आणि नाव दोन दिवसांत निघायला हवं. कमी पाठवत असलात तरी ती ठेवा. माणसाला बाहेर पडायची वाट दिसली नाही की तो स्पॅमचं बटण दाबतो. काढलेली नावं वेगळ्या फाइलमध्ये जपा, म्हणजे पुढच्या वर्षी जुन्या एक्सेलमधून ती परत आत येणार नाहीत.

पहिल्या दिवशीच सगळी यादी सोडू नका. आधी ओळखीचे बायर, मग थोडे थोडे नवे. डोमेन गूगलच्या पोस्टमास्टर टूल्समध्ये (तक्रारींचं प्रमाण दाखवणारी सोय) जोडून ठेवा आणि तक्रारींचा आकडा वर सरकताना दिसला की पुढचा गठ्ठा थांबवा. उत्तराला कोण बसणार तेही आताच ठरवा. हिवाळ्यात जर्मनीत सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे दुपारचे अडीच झालेले असतात, आणि न्यूयॉर्कचं ऑफिस नऊला उघडतं तेव्हा इथे संध्याकाळचे साडेसात. त्या वेळी ती मेलपेटी कोणाच्या मोबाइलवर उघडी असेल आणि सॅम्पलचा भाव सांगायचा अधिकार कोणाला असेल, ही दोन नावं यादीच्या वरच लिहून ठेवा.