स्पर्धात्मक पेंटबॉल : खर्च आवरून नव्या खेळाडूंना मैदानात कसे आणावे

पेंटबॉल म्हणजे रंगभरल्या गोळ्या मारून समोरच्याला बाद करायचा खेळ. नवा खेळाडू पहिल्या दिवशी रंगाने माखून, खूश होऊन घरी जातो आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेनंतर दिसेनासा होतो. खेळ आवडलेला असतो, पण परवडत नाही. नवख्यांचे संघ बांधताना हे इतक्यांदा पाहिलंय, की आता मी पहिल्याच भेटीत हिशेब मांडतो.

आधी पैसा कुठे जातो ते बघा

सगळे मार्करच्या, म्हणजे गोळ्या झाडायच्या बंदुकीच्या, किमतीला घाबरतात. पण मार्कर एकदाच घ्यायचा असतो, गोळ्या मात्र दर वेळी लागतात. हॉपरमध्ये, म्हणजे मार्करवरच्या गोळ्यांच्या डब्यात, साधारण २०० गोळ्या मावतात; कमरेच्या एका पॉडमध्ये, म्हणजे जादा गोळ्यांच्या नळकांड्यात, १४०. इलेक्ट्रॉनिक मार्कर सेकंदाला दहा गोळ्या सहज सोडतो, म्हणजे हॉपर वीस सेकंदांत रिकामा. पाच जणांच्या संघात प्रत्येकाने हॉपर आणि चार पॉड नेले, तर एका डावासाठी ३,८०० गोळ्या अंगावर असतात. गोळ्यांची पेटी येते २,०००ची! श्रीमंत संघ हा भार पेलतो. नवखा बंकरमागे (मैदानातल्या आडोशामागे) बसून घाबरून गोळ्या झाडत राहतो, शिकत काहीच नाही.

मग गोळ्यांवर मर्यादा घाला

माझ्या मते सगळ्यांत जास्त फरक याच पायरीने पडतो. नवख्यांच्या सामन्यांत पॉड बंद करा, फक्त हॉपरवर खेळवा. तोच पाच जणांचा संघ ३,८००वरून १,०००वर येतो. तिघातिघांचे संघ केले तर ६००वर. मैदानही लहान पुरतं आणि संघ जमवायला माणसंही कमी लागतात.

दुसरा उपाय मेकॅनिकल मार्करांचा स्वतंत्र गट. एकदा घोडा दाबला की एकच गोळी सुटते, त्यामुळे महागड्या मार्करवाल्याला वेगाचा फायदा मिळत नाही. आणखी काटकसर हवी तर पंप मार्कर : प्रत्येक गोळीआधी हाताने पंप ओढायचा. यात माणूस आपोआप नेम धरायला शिकतो. कमी गोळ्यांत खेळ मिळमिळीत होतो, असं वाटणाऱ्यांना मी पहिल्या सामन्याची गोष्ट सांगतो. २७ जून १९८१ रोजी अमेरिकेत न्यू हॅम्पशायरच्या जंगलात बारा जण खेळले आणि जिंकणाऱ्याने एकही गोळी न झाडता जंगलात ठेवलेले सगळे झेंडे गोळा केले होते.

खरेदीचा क्रम

पहिली खरेदी मास्कची, आणि तो नवाच घ्या. इथे काटकसर करायची नाही. पेंटबॉलसाठीच बनवलेला, एएसटीएम एफ१७७६ या अमेरिकी सुरक्षा मानकाचा मास्क हवा. कारखान्यातला किंवा पोहण्याचा गॉगल चालत नाही. गोळीचा वेग अनेक मैदानांवर सेकंदाला ३०० फुटांपर्यंत चालतो, अशी गोळी उघड्या डोळ्यावर बसली तर काय होईल ते सांगायला नको. काचेला तडा दिसला की काच बदला. काचेवर वाफ धरून आंधळं व्हायचं नसेल तर दुहेरी थर्मल काच घ्या, नाहीतर नवखा डावाच्या मध्येच मास्क वर करू पाहतो, आणि तेच सर्वांत धोक्याचं.

बाकी सामान भाड्याने किंवा जुनं चालतं. जुना मार्कर घेताना हवा भरून गळतीचा आवाज ऐका, क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) सलग काही गोळ्या मारून वेग स्थिर राहतो का पाहा. ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) बदलणं सोपं असतं. मार्करच्या अंगाला चीर असेल तर सोडून द्या. मार्करला हवा पुरवणाऱ्या टाकीवरची चाचणीची तारीख आवर्जून वाचा. ही दाबचाचणी साधारण दर पाच वर्षांनी लागते, आणि मुदत उलटलेली टाकी मैदानावर भरून मिळत नाही. सुरुवातीला ३,००० पीएसआय दाबाची ॲल्युमिनियम टाकी पुरते. कार्बन फायबरची हलकी टाकी नंतर घ्या.

पेंट वाया घालवू नका

पेंटची, म्हणजे गोळ्यांची, पेटी संघात वाटून घ्या, पण आधी मैदानाचा नियम विचारा. बऱ्याच ठिकाणी त्यांचंच पेंट वापरावं लागतं. गोळीचं कवच जिलेटिनचं, दमट हवेत फुगतं. म्हणून कोरड्या, थंड जागी ठेवा आणि लवकर संपवा. जमिनीवरची गोळी उचलून हॉपरमध्ये टाकू नका, ती नळीतच फुटते.

सराव गोळ्यांशिवाय

शिटी वाजल्यावर पहिल्या बंकरपर्यंतची धाव घड्याळ लावून मोजा. आडोशातून क्षणभर डोकावून परत लपणं, मार्कर उजव्या हातातून डाव्या हातात घेणं, समोरचा कुठे आहे ते ओरडून सांगणं, हे सगळं रिकाम्या मार्करने होतं. टाकी काढलेली, तरीही मास्क चेहऱ्यावर आणि नळीवर कव्हर. सवय लागायला हवी.

आयोजकांसाठी

नवख्याला पंचाच्या मदतीला उभं करा आणि त्या बदल्यात प्रवेश फुकट द्या. दिवसभर बंकरांच्या मधोमध उभा राहून तो जे पाहतो, ते खेळताना दिसतच नाही. प्रत्येक नव्या संघात एक अनुभवी खेळाडू द्या. दोन-तीन जादा मास्क आणि मार्कर असलेली संघाची एक सामाईक पेटी ठेवा, आणि कोणाला काय लागतं ते आदल्या दिवशीच विचारून घ्या. मैदानावर सगळ्यांसमोर मागायला नव्या माणसाला संकोच वाटतो.