मूसच्या (उत्तरेकडच्या मोठ्या हरणाच्या) शिकारीचं काडतूस घरी भरताना: आधी गोळीचं वजन, मग पावडर (बंदुकीची दारू)

घरी काडतुसं भरायला बसलं की वेग वाढवायचा मोह होतो. कायदा मात्र वेग विचारत नाही. तो गोळीचं वजन आणि १०० मीटरवर उरलेली ऊर्जा विचारतो. नॉर्वेत मूससाठी गोळी किमान ९ ग्रॅमची लागते. ती ९ ते १० ग्रॅममध्ये असेल तर १०० मीटरवर २७०० ज्यूल हवेत, १० ग्रॅम किंवा जास्त असेल तर २२०० पुरतात. स्वीडनमध्ये १० ग्रॅमच्या पुढे २००० ज्यूल चालतात. गोळी आदळल्यावर पसरणारी हवी. पूर्ण जॅकेटची, म्हणजे टोकापर्यंत कठीण धातूत मढवलेली, लष्करी गोळी बाद. नियम बदलतात, तेव्हा हंगामाआधी चालू मजकूर वाचून घ्यावा.

खरी मेख १० ग्रॅमच्या रेषेवर आहे. डब्यावर वजन ग्रेनमध्ये असतं आणि एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम. १५४ ग्रेनची गोळी ९.९८ ग्रॅम भरते. बोलताना ती 'दहा ग्रॅमची', पण हिशेबात तिला २७०० ज्यूल लागतात! १५६ ग्रेन म्हणजे १०.११ ग्रॅम, ती सुटली.

६.५×५५ (६.५ मिमीची गोळी, ५५ मिमीचं कवच) काडतुसाच्या रायफलीत हा फरक फार जाणवतो. १४० ग्रेनच्या (९.०७ ग्रॅम) गोळीला २७०० ज्यूलसाठी १०० मीटरवर सेकंदाला ७७२ मीटर वेग हवा, म्हणजे नळीच्या तोंडाशी ८४०च्या आसपास. ते गाठायला दाब टोकाला न्यावा लागतो. १५६ ग्रेनला नॉर्वेचे २२०० ज्यूल ६६० मीटर वेगातच मिळतात. म्हणून पावडर वाढवण्याआधी गोळी बदला.

भार (एका काडतुसातलं पावडरीचं वजन) ठरवताना पावडर आणि गोळी बनवणाऱ्यांचा छापील तक्ताच वापरावा, कुणी सांगितलेला आकडा नाही. तक्त्यातल्या कमाल भाराच्या साधारण १० टक्के खालून, किंवा तक्त्यानेच दिलेल्या सुरुवातीच्या भारापासून सुरू करा. त्याहूनही खाली जाऊ नका. मंद, म्हणजे हळू जळणाऱ्या, पावडरीचा फार हलका भारही धोक्याचा. ६.५×५५ साठी युरोपीय मानकसंस्था सीआयपीची दाबमर्यादा ३८० मेगापास्कल आहे, अमेरिकी मानकसंस्था सामीची सुमारे ३५०, कारण तिथे जुन्या क्रॅग आणि माउझर रायफली धरल्या आहेत. तुमची रायफल जुनी असेल तर तक्ता कोणत्या मर्यादेवर बेतलाय ते आधी बघा.

केस (काडतुसाचं पितळी कवच) साफ करून मानेपाशी, तळापाशी चीर आहे का बघा. साइझिंगनंतर (केस साच्यात दाबून मूळ मापाला आणल्यावर) लांबी मोजा: ५५.० मिमीच्या वर गेलेली केस ट्रिम करायची, ५४.८ ठीक. लांब केसची कड चेंबरमध्ये गोळीला आवळते आणि दाब अचानक चढतो. पूर्ण काडतुसाची लांबी ८०.० मिमीच्या आत. तराजू तपासवजनाने जुळवा, पंखा बंद ठेवा. टेबलावर एकाच पावडरीचा डबा. सगळ्या केसेस भरल्या की गोळ्या बसवण्याआधी टॉर्च मारून एकेकीत पावडरीची पातळी बघा. मंद पावडर केस बरीच भरते, त्यामुळे दुप्पट भार बहुधा बाहेर सांडतो. अर्धवट भार मात्र नुसत्या नजरेतून सहज निसटतो.

आता मोजणी. क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) प्रकाशावर चालणारा असेल तर नळीपासून तीनेक मीटर पुढे ठेवा, नाहीतर धक्क्याचा वारा आकडे बिघडवतो. दहा गोळ्यांची सरासरी घ्या. ती आणि गोळीचा बॅलिस्टिक गुणांक (हवेत ती वेग किती टिकवते त्याचा आकडा) गणकात घालून १०० मीटरचा वेग काढा. समजा १५६ ग्रेनच्या गोळीचे नळीशी ७६० आले आणि १०० मीटरवर ६७५. ऊर्जा म्हणजे वजनाच्या (किलोत) निम्मे गुणिले वेगाचा वर्ग: ०.०१०११ × ६७५ × ६७५ ÷ २, सुमारे २३०० ज्यूल. स्वीडनला भरपूर, नॉर्वेला पास.

पण हा पास किती जाड? २२०० च्या वर १०० ज्यूल, म्हणजे वेगात फक्त १५ मीटर. नळी इंचभर आखूड असली तरी साधारण ६ ते ९ मीटर जातात, आणि तक्त्यातल्या चाचणीची नळी बहुधा तुमच्यापेक्षा लांब असते. पावडर थंडीत आणखी मंदावते, काही जाती जास्तच. उन्हाळ्यात २५ अंशांना मोजलेला भार शरदात शून्याजवळ तेवढाच राहील असं धरू नये. काडतुसं रात्रभर बाहेर गार ठेवून पुन्हा मोजावीत. उरलेली फट कमी वाटली तर तक्त्याच्या कमालमर्यादेत राहून थोडी पावडर वाढवा. बोल्ट जड उचलला, प्रायमर (केसच्या तळातली ठिणगीची टोपी) सपाट झाला किंवा केसच्या तळावर इजेक्टरचा (केस बाहेर फेकणाऱ्या खिट्टीचा) चकचकीत ठसा उमटला, तर तिथेच थांबा, तक्ता काहीही म्हणो. तशी भरलेली उरलेली काडतुसं झाडायची नाहीत, गोळी उपसायच्या हातोडीने उघडायची.

कारखान्याच्या डब्यावर वेग-ऊर्जा छापलेली असते, तुमच्या डब्यावर ती तुम्हीच लिहायची: गोळीचं वजन ग्रॅममध्ये, पावडरीचं नाव आणि तिचा लॉट क्रमांक, भार, नळीची लांबी, मोजलेलं तापमान, १०० मीटरची ऊर्जा. लॉट बदलला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून.