जुन्या गाडीचे जुने मालक शोधायला निघण्यापूर्वी

येत्या रविवारी मी सांगलीला एक डुक्कर फियाट (1950 च्या दशकातल्या फियाट 1100 चं लाडकं नाव) बघायला जातोय. ही दुसरी. पहिली दारात उभी आहे, 1958 ची, आणि तिच्याबद्दल मला खात्रीने एवढंच सांगता येतं की मी तिचा सहावा मालक. आधीचे पाच कोण ते गाडीच्या नोंदणीच्या पुस्तिकेत, म्हणजे आरसी बुकात लिहिलेलं होतं. ती पुस्तिका दोन दिवस माझ्या टेबलावर पडून होती आणि मी ती न वाचता एजंटाच्या हातात दिली. म्हणून ही यादी.

बरोबर काय न्यायचं ते सांगण्यासारखं नाही. टॉर्च, फडकं, थोडं रॉकेल मिळालं तर, मऊ पेन्सिल, पातळ कागद. मोबाइल मात्र पूर्ण चार्ज केलेला, आणि त्यात जागा रिकामी करून ठेवलेली.

आता मुद्द्याचं. विकणारा चहा टाकायला आत गेला की पहिलं काम आरसी बुक मागायचं आणि पहिल्या पुठ्ठ्यापासून शेवटच्या पुठ्ठ्यापर्यंत प्रत्येक पानाचा फोटो काढायचा. कोऱ्या पानाचाही. शाई पुसट असेल तर उजेडात तिरपं धरून पुन्हा काढायचा. गाडी घ्यायची ठरलेली नसली तरी काढायचा. सौदा फिसकटला तरी फोटो आपल्याकडे राहतो.

कारण सांगतो. जुन्या आरसी बुकात गाडीचा सगळा संसार असतो. सुरुवातीला मेक, साल, चेसिस नंबर, इंजिन नंबर. मग पहिल्या मालकाचं नाव-पत्ता. त्यानंतर प्रत्येक ट्रान्सफरची नोंद, तारीख आणि शिक्का. मध्येच कुठल्या बँकेचा बोजा चढला, कधी उतरला. इंजिन बदललं असेल तर ते. गाडी दुसऱ्या राज्यात गेली आणि नंबर बदलला असेल तर आधीचा नंबर. तुम्ही ट्रान्सफरला कागद टाकले की हे बुक जमा होतं आणि हातात येतं स्मार्ट कार्ड. कार्डावर तुमचं नाव आणि तुम्ही कितवे मालक तो आकडा. बाकीचे गायब. माझ्या गाडीच्या दुसऱ्या मालकाबद्दल मला आठवतं ते एवढंच: जांभळी शाई, लॅमिंग्टन रोडचा पत्ता, नावाआधी 'डॉ.' आणि आडनाव 'कर'वर संपणारं. म्हणजे अर्धा महाराष्ट्र. तीन वर्षं शोधतोय.

'बुक हरवलंय, डुप्लिकेट आहे' असं ऐकलंत तर डुप्लिकेटचाही फोटो काढा, पण त्यात फारसं काही असेल अशी आशा ठेवू नका. मग घरातल्या जुन्या फायली मागायच्या. विम्याच्या पॉलिस्या, टॅक्सच्या पावत्या, टीटीओच्या (मालकी बदलाच्या अर्जाच्या) सहीचे जुने कागद. विम्याची कालबाह्य पॉलिसी कुणी जपून ठेवत नाही आणि कुणी फेकतही नाही, ती कपाटाच्या तळाशी असतेच.

नाव आणि पत्ता मिळाला की लगेच गाडी काढून पळू नका. आधी साल बघा आणि त्या साली तो गाव कुठल्या राज्यात होता ते आठवा. 1 नोव्हेंबर 1956 च्या आधी नागपूर मध्य प्रदेशात होतं, औरंगाबाद हैदराबाद संस्थानातून आलेल्या राज्यात, आणि बेळगाव, धारवाड मुंबई राज्यात. 1 मे 1960 पर्यंत अहमदाबादही मुंबई राज्यातच. म्हणजे 1955 ची गाडी नागपुरात विकली गेली असेल तर तिचा पहिला नंबर मुंबईच्या मालिकेत शोधणं व्यर्थ. तीन अक्षरांचे जुने नंबर बघून लोक छातीठोकपणे जिल्हा सांगतात. ऐकून घ्यायचं, लिहून घ्यायचं, पण बुकातल्या शिक्क्याशी ताडल्याशिवाय मानायचं नाही. 'एमएच' ही पद्धत 1988 च्या कायद्याबरोबर, 1989 पासूनची. गाडी 1958 ची आणि पाटी 'एमएच'ची दिसली तर मधे कधीतरी नोंदणी नव्याने झालीय, आणि आधीचा नंबर कुठे लिहिलेला असणार? बुकात. फोटो काढला ना?

पत्तेही बदललेत. लॅमिंग्टन रोड आता डॉ. भडकमकर मार्ग, हॉर्नबी रोड दादाभाई नौरोजी रोड, क्वीन्स रोड महर्षी कर्वे रोड, वॉर्डन रोड भुलाभाई देसाई रोड. इमारत पडून टॉवर झाला असेल तर खालच्या जुन्या दुकानदाराला विचारा, सोसायटीच्या सेक्रेटरीला नव्हे. सेक्रेटरी आधी ओळखपत्र मागतो.

आणखी एक. बुकातलं पहिलं नाव गाडी फिरवणाऱ्याचंच असेल असं धरू नका. त्या काळात नवी फियाट बुक करून वर्षानुवर्षं थांबावं लागे, त्यामुळे बुकिंग सासूबाईंच्या नावावर, पुतण्याच्या नावावर, मुनिमाच्या नावावर. कागदावर मालक एक आणि दार उघडून बसणारा भलताच.

आता गाडी. चेसिस नंबर घासायचा नाही. सँडपेपर नाही, तारेचा ब्रश तर मुळीच नाही. नंबरावर ओरखडे दिसले की पुढे कुठलाही इन्स्पेक्टर संशयानेच बघणार. रॉकेलचं फडकं फिरवा, कागद ठेवा, पेन्सिलीने ट्रेस काढा. इंजिन नंबर जुळला नाही तर घाबरू नका. डुक्करमध्ये नंतरच्या डिलाइट किंवा पद्मिनी मॉडेलचं इंजिन बसवलेल्या गाड्या कितीतरी आहेत, कुणी डिझेल इंजिनही घातलंय. बदल हे पाप नाही, पण त्याची नोंद हवी.

टॅक्सी होती का ते विकणारा सांगणार नाही, कदाचित त्याला माहीतही नसेल. दाराच्या कडांच्या आत, डॅशबोर्डखाली, छताच्या रबराखाली काळा-पिवळा थर दिसतो का बघा. डावा पुढचा मडगार्ड हाताने चाचपा. मुंबईच्या टॅक्सीचा मीटर बाहेर तिथेच असायचा, त्याची भोकं वेल्डिंगने बुजवलेली असतात, बोटाला लागतात. पुढचे दरवाजे उलटे उघडतात म्हणून सगळे त्यांचेच फोटो काढत बसतात, मडगार्डकडे कुणी बघत नाही. काचेवर लाल फुलीचा पुसट डाग असेल तर डॉक्टरची गाडी असू शकते. विक्रेत्या डीलरची छोटी पाटी कुठे उरली असेल तर सोनंच. ग्रिलवर डब्ल्यूआयएएचा (वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन, मोटारवाल्यांची संघटना) बिल्ला असेल तर छान, पण त्यावरून पहिला मालक जुना सभासद होता अशी कथा रचू नका. असे बिल्ले चोरबाजारात मिळतात. मी स्वतः एक घेतलाय.

मागची सीट उचला. माझ्या गाडीच्या सीटखाली शंकरपाळ्याचा तुकडा, एक केसाची पिन आणि कुठल्याशा गॅरेजची पावती निघाली. पावतीवर गाडीचा नंबर होता, मालकाचं नाव नव्हतं. नाव कुठे होतं ते आता पुन्हा सांगत नाही. बरं, सांगतो: आरसी बुकात, जे मी देऊन टाकलं.

माणसांकडे जाताना. फोनवर 'तुमच्या वडिलांच्या नावावर एक गाडी होती' अशी सुरुवात केलीत तर समोरच्याला वाटतं जुना अपघात निघाला, नाहीतर थकलेला टॅक्स. 'ती गाडी अजून आहे, चालते, फोटो पाठवू का?' इथून सुरू करा. भेटायला जाताना फोटो कागदावर छापून न्या, म्हाताऱ्या माणसांना मोबाइलवर धड दिसत नाही. साल विचारू नका, कुणालाच आठवत नाही. 'पानशेतच्या आधी का नंतर?' विचारा, लगेच उत्तर येतं, निदान पुण्यात. म्हणजे धरण फुटलं तो 12 जुलै 1961. साताऱ्या-कराडकडे कोयनेचा भूकंप, 11 डिसेंबर 1967. सगळीकडे चालतो तो 72 चा दुष्काळ. नाहीतर घरातल्या मुंजी आणि लग्नं. लग्नाचा अल्बम मागा, हार घातलेली गाडी त्यात सापडते, आणि नंबरप्लेट दिसली की काम झालं. शेवटी ड्रायव्हर कोण होता आणि गाडी कुणाकडे दुरुस्तीला जायची ते विचारा. घरच्यांपेक्षा मेकॅनिकला जास्त आठवतं, फक्त तो मालकांची नावं नाही सांगत, खराब झालेले पार्ट सांगतो.

आरटीओत आपल्या गाडीचे पर्टिक्युलर्स (नोंदीचे तपशील) मागता येतात. दुसऱ्याचा पत्ता माहिती अधिकारात मागायला गेलात तर खाजगी माहिती नाकारणारं कलम 8(1)(जे) पुढे येतं. वाद घालत बसू नका.

व्हिंटेज नोंदणी: 2021 चा नियम, पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेली गाडी, नव्या नोंदणीला 20,000 रुपये, दहा वर्षांसाठी, नूतनीकरण 5,000. रोज वापरायला नाही. जुना नंबर असेल तर तो राखता येतो, राखाच. व्हिंटेज नोंदणीच्या नव्या 'व्हीए' नंबराच्या हौसेपायी तो घालवू नका, शोधाचा दोरा त्या नंबरातच आहे.

विमा, पीयूसी, टॅक्स नेहमीचंच. टोचन करून आणायची असेल तर दोरीऐवजी रॉड.

घरी आल्यावर फोटो मोबाइलमध्येच ठेवायचे नाहीत. संगणकावर, आणि बहिणीला मेल. एजंटाला बुक द्यायचं ते त्यानंतर, आणि देण्याआधी दाराशी उभं राहून पानं पुन्हा एकदा मोजायची. माझ्या मते बावीस होती.