बार्सिलोना: रात्री क्लब आणि दिवसा गाउदी, दोन्ही कसं जमवायचं

बार्सिलोनाला जाताना बरेच जण दोन याद्या करतात, एक बिल्डिंगांची आणि एक बार-क्लबची, आणि मग दोन्ही त्याच दिवसांत कोंबतात. इथेच घोळ होतो. तिथले क्लब साधारण रात्री १२ नंतर उघडतात, खरी गर्दी २ च्या सुमाराला होते आणि पहाटे ५-६ पर्यंत चालतं, आणि तुम्ही आर्किटेक्ट गाउदीच्या साग्रादा फामिलिया चर्चचा सकाळी ९ चा स्लॉट काढून ठेवलेला असतो. म्हणून आधी रात्री ठरवा, कुठल्या रात्री जागायचं ते, आणि मग त्या हिशोबाने तिकिटं काढा.

रात्री ठरवताना मेट्रो बघायची. रविवार ते गुरुवार मेट्रो १२ ला बंद होते, शुक्रवारी २ पर्यंत आणि शनिवारी रात्रभर चालू. म्हणजे मोठा क्लब शनिवारीच, परतायची चिंताच नाही. बाकी दिवशी नाइट बस असतात आणि त्यातल्या बहुतेक प्लासा काताल्युन्यावरून जातात, त्यामुळे हॉटेल त्या चौकाच्या आसपास घेतलं की निम्मी कटकट कमी.

आता साग्रादा फामिलिया. काम १८८२ ला सुरू झालं, पुढच्याच वर्षी गाउदीने हातात घेतलं, १९२६ ला ट्रामच्या धडकेने तो गेला तरी काम चालूच, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ते जगातलं सर्वात उंच चर्च झालं. मधल्या टॉवरची उंची १७२.५ मीटर ठरवलेली, कारण गाउदीचं म्हणणं होतं की माणसाने बांधलेलं शेजारच्या मोंजुइक टेकडीच्या वर जाऊ नये. पण तुमच्या कामाची गोष्ट म्हणजे काचा. पूर्वेकडच्या काचा निळ्या-हिरव्या, पश्चिमेकडच्या लाल-केशरी, म्हणजे सकाळी आत गार निळा उजेड आणि संध्याकाळी सगळं पेटल्यासारखं. रात्र जागवून येणाऱ्याला संध्याकाळचा स्लॉटच बरा, आणि माझ्या मते तोच जास्त भारी पण आहे. फक्त ऋतू बघा, उन्हाळ्यात सूर्य ९ नंतर मावळतो त्यामुळे ६ चा स्लॉट चालतो, हिवाळ्यात ४ वाजायच्या आधी आत शिरलेलं हवं. तिकीट ऑनलाइनच, तेही बऱ्याच आधी. खांदे झाकलेले लागतात, आत चर्च आहे, बीचवरून तसंच यायचं नाही.

तिथून आविंगुदा दे गाउदी नावाचा तिरका रस्ता धरला की १० मिनिटांत सांत पाउ. हे जुनं हॉस्पिटल, आर्किटेक्ट लुइस दोमेनेक इ मोन्तानेरने बांधलेलं, २००९ पर्यंत इथे खरोखर पेशंट असायचे. बागेत वेगवेगळे पॅव्हेलियन आणि खालून सगळे बोगद्याने जोडलेले. लोक गाउदी गाउदी करत इथे येतच नाहीत म्हणून निवांत बघता येतं.

पासेज दे ग्रासिया या रस्त्यावर गाउदीचं कासा बात्यो, त्याला खेटून पुइग इ कादाफाल्कचं कासा अमात्येर, आणि त्याच ओळीत दोमेनेकचं कासा येओ मोरेरा, म्हणजे तीन आर्किटेक्ट एकाच फुटपाथवर एकमेकांवर कुरघोडी करतायत. थोडं वर गाउदीचंच कासा मिला, त्यालाच ला पेद्रेरा म्हणतात. सगळ्यांच्या आत जायचं म्हटलं तर खिसा रिकामा होतो. आत एकाच ठिकाणी जा, मी तर गच्चीवरच्या धुराड्यांसाठी ला पेद्रेरा म्हणेन, बाकी बाहेरून, आणि तेही जेवण झाल्यावर रात्री, दिवे लागलेले असतात आणि फुकट. चालताना एक लक्षात येईल, हा सगळा भाग इंजिनिअर इल्देफोन्स सेर्दाच्या १८५९ च्या प्लॅनवर बांधलाय, प्रत्येक ब्लॉकचे कोपरे तिरके कापलेले, त्यामुळे झेब्रा क्रॉसिंग आत सरकलेलं असतं आणि नाकासमोर चालता येत नाही. मॅपवर दिसतं त्यापेक्षा वेळ जास्त धरा.

दोन्ही हौशी एकाच तिकिटात भागवायच्या तर पालाउ दे ला म्युझिका. १९०८ चा संगीताचा हॉल, छताला उलटा लोंबणारा काचेचा घुमट. गाइडेड टूर घेण्यापेक्षा संध्याकाळच्या कार्यक्रमाचं स्वस्तातलं तिकीट काढा, हॉल ज्यासाठी बांधलाय ते तरी ऐकायला मिळतं. सुटल्यावर चालत बोर्न भागात, सांता मारिया देल मार चर्चच्या आजूबाजूच्या गल्ल्यांमध्ये वाइन बार भरपूर. ते चर्च १४ व्या शतकातलं, मोंजुइकवरून दगड पाठीवर वाहून आणणाऱ्या हमालांची चित्रं दारावर कोरलीत, ती शोधा.

जेवण ९ च्या आधी मागू नका, किचन बंद असतं नाहीतर टुरिस्टांसाठीचंच चालू असतं. पोब्ले-सेक मधला कारेर ब्लाइ हा रस्ता पिंचोसचा, म्हणजे पावावर काहीतरी ठेवून काडी टोचलेली, शेवटी काड्या मोजून बिल. शाकाहारी असाल तर पा आंब तोमाकेत (टोमॅटो चोळलेला पाव), पाताता ब्रावास (सॉस घातलेले तळलेले बटाटे), पाद्रोन मिरच्या आणि एस्कालिबादा (भाजलेल्या भाज्या) एवढ्यावर पोट भरतं, पण विचारून घ्या, हॅम कुठेही घालतात. तिथून साला आपोलो हा क्लब जवळच. रॅझमाताझ क्लब मात्र पोब्लेनोउ भागात, एकाच तिकिटात पाच हॉल, एकात बोअर झालं की दुसऱ्यात. तिकीट ऑनलाइन स्वस्त पडतं, आयडी लागतो. एवढा गोंगाट नको असेल तर ग्रासियातल्या प्लासा देल सोलला बसा, किंवा प्लासा रेयालमध्ये जांबोरी क्लबला जॅझ ऐका. बाहेर चौकातले ते दिव्याचे खांब तरुण गाउदीचे आहेत.

रस्त्यात कॅनमधली बिअर विकणारे भेटतील, घेऊ नका, रस्त्यावर पिणं बेकायदा आहे आणि दंड होतो. बीचवरचं मोहितो तर नकोच, कुठे बनवतात देव जाणे. ला राम्ब्ला या गर्दीच्या रस्त्यावर आणि मेट्रोत पाकीटमार सराईत आहेत, फोन मागच्या खिशात ठेवला की गेलाच समजा. पासपोर्ट हॉटेलच्या लॉकरमध्ये आणि क्लबच्या दारात काय चालतं ते आधी त्यांच्या साइटवर बघा.

तारखा हातात असतील तर २३ जूनची सांत जोआनची रात्र साधा, बीचवर फटाके आणि पहाटेपर्यंत अख्खं शहर बाहेर. नाहीतर २४ सप्टेंबरच्या आसपास ला मेर्से हा शहराचा उत्सव, फुकट कॉन्सर्ट आणि कास्तेयेर्सचे माणसांचे मनोरे.

फिरायला टी-कॅज्युअल हे १० फेऱ्यांचं तिकीट घ्या, एकाला एक, दोघांत वापरता येत नाही. एअरपोर्टच्या मेट्रो स्टेशनला ते चालत नाही, तिकडे जाताना रोदालिएस ट्रेन पकडा, त्यात चालतं.