शेततळ्यात एरेटर आहे, तरी मासे मरतात? या चुका टाळा

सांगलीतल्या आटपाडी-खानापूरकडे टेंभू योजनेचं पाणी आलं, शेततळी भरली, त्यात मासे पडले आणि पाठोपाठ एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारी यंत्रंही आली. तरी श्रावणात कुणाचा ना कुणाचा पहाटे फोन येतोच, "दादा, मासे वर आलेत."

एरेटर दिवसा चालू, रात्री बंद. सगळ्यात जास्त मासे या चुकीनं जातात. हिरव्या पाण्यातलं शेवाळ उन्हात प्राणवायू सोडतं. अंधार पडला की तेच शेवाळ माशांच्या जोडीनं तो ओढायला लागतं. त्यामुळं दुपारी पाण्यात प्राणवायू भरपूर आणि पहाटे सगळ्यात कमी. लिटरला 5 मिलिग्रॅमच्या वर असला की रोहू-कटला ठीक राहतात, 3 च्या खाली गेला की खाद्य सोडतात.

माझ्या चुलतभावाच्या तळ्यावर हे डोळ्यांनी बघितलंय. तीन दिवस आभाळ भरलेलं, ऊन नाही. थ्री-फेज लाइट त्या आठवड्यात दिवसपाळीला, म्हणून पॅडलव्हील (पाणी उडवणारा चाकाचा एरेटर) रात्री बंद. वर मासे लवकर वाढावेत म्हणून खाद्य दीडपट केलेलं. पहाटे पोचलो तर पाण्यावर नुसती कटल्याची तोंडं, उघडमीट करणारी. बॅटरी मारली तरी एक मासा बुडी मारेना. उजाडेपर्यंत किलो-किलोचे कटले कडेच्या कागदाला येऊन लागले, कल्ले फाकलेले. डाळिंबाच्या कॅरेटमध्ये भरून काढले, एकोणीस कॅरेट झाली. मृगळ मासे मात्र बरेच वाचले. कॅरेटांचा वास पुढच्या बहारापर्यंत गेला नाही.

मी मध्यरात्रीपासून ऊन वर येईपर्यंत एरेटर चालवतो. लाइटची पाळी कुठलीही असो, डिझेल इंजिन तयार ठेवतो. आभाळ आलं की खाद्य बंद. एक दिवस उपाशी राहून मासा मरत नाही.

तळाचा डिफ्यूझर, म्हणजे तळातून हवेचे बुडबुडे सोडणारा एरेटर, पहिल्याच दिवशी पूर्ण जोरात. आपली तळी पंधरा-वीस फूट खोल. उन्हाळ्यात वरचं पाणी गरम आणि हलकं, खालचं गार आणि जड. दोन्ही मिसळत नाहीत. उरलेलं खाद्य आणि विष्ठा तळाशी प्राणवायूविना कुजत राहतात. वर्षभरानं तिथं एकदम हवा सोडली की सडक्या अंड्याच्या वासाचं ते काळं पाणी वर येतं आणि चांगल्या पाण्यातला प्राणवायूही खाऊन टाकतं. यंत्र विकणारा हे सांगत नाही आणि घेणाऱ्याला दम नसतो. पहिल्या दिवशी भर दुपारी अर्धा तास, दुसऱ्या दिवशी एक, मग दोन, मग चार. आठवडा जाऊ द्या. वास आला की लगेच बंद करा.

बोअरचं पाणी पाइप बुडवून सोडणं. बोअरच्या पाण्यात बहुतेक वेळा प्राणवायू नसल्यातच जमा असतो. पाइप उंच धरून फवारा पाडा. बोअर नसेल तर तळ्याचंच पाणी उपसून उंचावरून परत तळ्यात पाडा.

"एरेटर आहे, आता माशांचं दुप्पट बीज सोडू." नका सोडू. लाइट एका रात्री गेली की हिशेब संपला.

पाणी हिरवं व्हावं म्हणून शेण टाकत राहणं. मी दर रविवारी सकाळी हात पाण्यात घालतो. बोटं कोपर बुडायच्या आतच दिसेनाशी झाली तर पाणी फार दाट झालंय. मग शेण बंद, खाद्य निम्मं, आणि त्या आठवड्यात पहाटे चारला स्वतः तळ्यावर.