सायकलची घंटी निवडताना कान पुढच्याचा वापरा

नाशिकच्या गंगापूर रोडने सकाळी सहाच्या सुमारास सोमेश्वरच्या बाजूला सायकल काढली की फिरायला निघालेली मंडळी भेटतात. बहुतेक साठीपुढची, तिघं-तिघं खांद्याला खांदा लावून, गप्पा रंगात आलेल्या. दोन वर्षांपूर्वी अशाच तिघांच्या मागून मी घंटी वाजवली. बोराएवढी, दिसायला देखणी, नाजूक ‘टिंग’ करणारी. एकदा, दोनदा, तीनदा. कडेचे काका काहीतरी रंगवून सांगत होते, ते हातवारे करत सरळ उजवीकडे सरकले आणि मी ब्रेक दाबून कडेच्या फुफाट्यात. कोपर सोललं. काकांनीच हात देऊन उठवलं, पाण्याची बाटली पुढे केली आणि वर दटावलं, “अहो, घंटी तरी वाजवायची!”

“तीनदा वाजवली, काका.”

“मग मला कशी नाही ऐकू आली?”

प्रश्न रास्त होता. त्यानंतर मी चार घंट्या बदलल्या, मिस्त्रीचं डोकं खाल्लं, तेव्हा कुठे चूक कळली. घंटी घेताना मी ती माझ्या कानाने ऐकली होती. दुकानात, काउंटरवर वाकून, एका फुटावरून. घंटी वाजवतो आपण, पण ती असते पुढच्याच्या कानासाठी. तेव्हा तुम्ही घ्यायला निघाला असाल तर कशी बघायची ते सांगतो.

आधी ठरवा, कुणाला ऐकवायचीय

सायकल जास्त वेळ गावात फिरत असेल, म्हणजे मेन रोड, दहीपूल, भद्रकालीच्या गल्ल्या, तर पुढचा माणूस चार पावलांवर असतो, गलका भरपूर असतो आणि तुमचा वेग चालणाऱ्याहून थोडाच जास्त. तिथे सारखी वाजवता येणारी, ‘ट्रिंग ट्रिंग’वाली घंटी लागते. गंगापूर धरण किंवा गिरणाऱ्याकडे जात असाल तर रस्ता मोकळा, वेग जास्त. तिथे एका ठोक्यात लांब जाणारा आणि रेंगाळणारा आवाज हवा.

मुंबई-आग्रा रोडसाठी घंटी शोधत असाल तर शोधू नका. काचा वर करून एसी लावलेल्या गाडीत किंवा हेल्मेटच्या आत सायकलची घंटी पोचत नाही. द्वारका चौकात भरवसा ब्रेकचा, आरशाचा आणि मागच्या लाल दिव्याचा. कानात इअरफोन खुपसून चालणाऱ्यांचंही तेच. त्यांच्या मागे वेग कमी करायचा आणि तोंडाने बोलायचं.

काकांना का ऐकू आली नाही

घंटीची वरची धातूची वाटी जितकी लहान तितका आवाज उंच पट्टीचा. वाटी मोठी झाली की आवाज खाली येतो. आकार तोच ठेवून पत्रा जाड केला तर पट्टी पुन्हा वर चढते, पण आवाजाला भरीवपणा येतो. माणसाचा कान साधारण २,००० ते ५,००० हर्ट्झच्या टापूत सगळ्यात तल्लख असतो. बोराएवढ्या घंट्या याच टापूच्या वरच्या टोकाला किंवा त्याहीपलीकडे वाजतात. पंचविशीतल्या कानाला ते झकास वाटतं. वय वाढलं की मात्र ऐकू येण्यातून आधी गळतात ते हेच उंच स्वर. काकांना गप्पा नीट ऐकू येत होत्या, माझी ‘टिंग’ तेवढी नव्हती.

मग खर्जातली घंटी घ्यावी का? तसंही नाही. इंजिनाची घरघर, टायरचा आवाज, ट्रॅक्टरचं धडधडणं हे सगळं खालच्या पट्टीत असतं, त्यात खर्ज बुडून जातो. हवी ती मधली पट्टी. सोपा ठोकताळा असा की वाटी मुठीत पूर्ण लपत असेल तर ती लहान. तळहातावर पालथी ठेवल्यावर निदान अर्धा तळहात झाकला पाहिजे.

मोठ्या घंटेचा विषय निघाला की नाशिककराला नारोशंकराची घंटा आठवल्यावाचून राहत नाही. वसईच्या विजयानंतर आलेली पोर्तुगीज घंटा, तिच्यावर १७२१ साल आहे. ती जिथे टांगलीय ते गोदाकाठचं नारोशंकराचं देऊळ १७४७ चं. कुणी फार मोठ्याने बोलायला लागलं की आमच्याकडे त्याला नारोशंकराची घंटा म्हणतात. सायकलवर एवढं धातूचं वजन नेता येत नाही, पण तत्त्व तेच: जड, जाड आणि मोकळी टांगलेली वस्तू जास्त वेळ घुमते.

प्रकार तीन, चौथा विसरा

पहिली आपली जुनी गरारीवाली. खटका दाबला की आतली दातेरी चाकं एक पट्टी गरगर फिरवतात. पट्टीच्या टोकांना सैल चकत्या असतात. फिरताना त्या बाहेर फेकल्या जातात आणि वाटीच्या आतल्या उंचवट्यांवर आपटत राहतात, म्हणून एका दाबात आठ-दहा ठोके. हिचा मोठा गुण म्हणजे ओळख. पोस्टमन, दूधवाले, शाळेची पोरं अशा सगळ्यांनी मिळून हा आवाज आपल्या डोक्यात ‘मागे सायकल आहे’ असा पक्का बसवलाय. मागे वळूनही न बघता माणूस बाजूला होतो. दोष एवढाच की आत धूळ-पाणी गेलं की अडखळते.

दुसरी एका ठोक्याची. बाहेर स्प्रिंगवर छोटी हातोडी असते, बोटाने ओढून सोडायची. यात पितळी वाटी चांगली मिळाली तर नादाला तोड नाही. पण स्प्रिंग सैल असेल तर प्रत्येक खड्ड्यात स्वतःहून वाजते, आणि आपल्याकडे खड्डे कमी नाहीत. शिवाय माणूस अंगावर येत असताना एक ‘टण्’ पुरत नाही, दोन-तीनदा पटापट ओढता आली पाहिजे.

तिसरी डिंग-डाँग. दाबताना एक स्वर, सोडताना दुसरा. ऐकायला तीच सगळ्यात गोड आणि कुणी दचकत नाही. मात्र आकाराने थोराड, त्यामुळे बास्केट असलेल्या सायकलला शोभते, गिअरच्या सायकलला हँडलवर जागा उरत नाही.

चौथा प्रकार बॅटरीच्या हॉर्नचा. डब्यावर शंभर-सव्वाशे डेसिबल छापलेलं असतं, पण ते किती अंतरावरून मोजलंय हे नसतं. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने पडतो. म्हणजे दहा सेंटिमीटरवर मोजलेला आकडा दहा मीटरवर चाळीसने खाली येतो. आणि जवळच्या माणसाला तो शिवी दिल्यासारखा लागतो. मी महिनाभर वापरला. कुत्री मागे लागायची.

दुकानात काय करायचं

भांडी बाजारात पातेलं घेताना आई काय करायची ते आठवा. आधी टिचकी. फुटका माठ बद्द वाजतो, चांगला खणखणतो. घंटीचंही तसंच तपासायचं, फक्त पूर्ण घंटीवर नाही, सुट्या वाटीवर.

दुकानदाराला म्हणा, “वाटी काढून बघू का?” बहुतेक घंट्यांची वाटी मधल्या आट्यावर फिरवून निघते. वाटीच्या भोकात पेन्सिल घालून ती लोंबती ठेवा, दुसऱ्या कुठे टेकू देऊ नका. मग काठावर नखाने टिचकी मारा आणि मनात आकडे मोजा. एक, दोन, तीन, चार... आवाज विरेपर्यंत. माझ्या आताच्या पितळी वाटीला मी सहापर्यंत पोचतो. त्या देखण्या ‘टिंग’ला दोनच्या पुढे गेलो नव्हतो. टिचकीनंतर आवाज थरथरत, लाटा मारत विरत असेल तर हरकत नाही. खरखर किंवा ‘टक्’ आलं तर वाटीला चीर असते किंवा पत्रा कागदासारखा पातळ. ती परत ठेवा.

मग वाटी बसवून तीच घंटी वाजवा. सुटी छान वाजली आणि बसवल्यावर बद्द झाली, तर वाटी खालच्या भांड्याला टेकतेय. कधी अर्धा आटा सैल करून भागतं. नाही भागलं तर दुसरा नग मागा. एकाच खोक्यातल्या दोन घंट्या सारख्या वाजत नाहीत, हे मी पैजेवर सांगतो.

खिशात फ्रिजवरचं एक लोहचुंबक ठेवा. सोनेरी दिसते म्हणून पितळ म्हणून विकली जाणारी वाटी बऱ्याचदा मुलामा दिलेली लोखंडी असते. चुंबक चिकटलं की समजायचं. लोखंडी म्हणजे वाईट असं नाही, जाड पत्र्याची क्रोमची वाटी वर्षानुवर्षं ठणठणीत राहते. पण पितळेचे पैसे देऊन लोखंड कशाला घ्यायचं?

आता खरी परीक्षा. सोबत कुणाला तरी न्या, शक्यतो घरातलं वयस्कर माणूस. त्यांना रस्त्यावर वीस-पंचवीस पावलं पुढे, पाठमोरं उभं करा आणि सांगा की ऐकू आलं की हात वर करायचा. कधी वाजवणार ते सांगायचं नाही. मी आईला उभं केलं होतं. पहिल्या दोन घंट्यांना ती ढिम्म. तिसरीला हात वर, आणि वर मागे न बघता म्हणाली, “ही घे, नुसतंच किणकिण करत बसू नको.” दुकानदार हसत होता, पण त्याने नंतर ती घंटी वेगळी काढून ठेवायला सुरुवात केली.

वीस-पंचवीस पावलंच का? ताशी १८ किलोमीटरच्या वेगात तुम्ही सेकंदाला पाच मीटर कापता. वीस मीटरवरून वाजवली तर पुढच्याला चार सेकंद मिळतात. ऐकणं, कळणं, कुठल्या बाजूला व्हायचं ते ठरवणं आणि एक पाऊल टाकणं, एवढं सगळं त्यातच बसवायचंय. दहा मीटरवरून वाजवलेली घंटी माणसाला फक्त दचकवते.

लहान मुलासाठी घेत असाल तर मुलाला घेऊन जा आणि त्याच्याच अंगठ्याने खटका दाबून बघा. स्प्रिंग कडक असली की पोरं वाजवण्यासाठी मूठ सोडतात.

बसवणं

हँडल मुठीजवळ साधारण २२ मिलिमीटर जाडीचं असतं, मधोमध बऱ्याच नव्या सायकलींना ३१.८ मिलिमीटर. घंटीचा पट्टा कुठल्या जाडीचा आहे ते बघून घ्या, नाहीतर घरी येऊन कपाळावर हात. पट्टा सैल पडला तर जुन्या ट्यूबची पट्टी कापून खाली गुंडाळा. प्लास्टिकचा पट्टा मात्र जीव खाऊन आवळू नका, तडकतो.

जागा अशी हवी की ब्रेकवर बोटं ठेवून अंगठ्याने घंटी वाजली पाहिजे. गिअरचा खटका बहुतेकांना उजवीकडे असतो, म्हणून घंटी डावीकडे सोयीची पडते. बसवून झाली की हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवा आणि दर वेळी वाजवा. ब्रेकची किंवा गिअरची केबल वाटीला नुसती टेकली तरी सगळा नाद मरतो. ‘नवी घंटी बिघडली’ म्हणून परत आणणाऱ्यांपैकी निम्म्यांची केबलच टेकलेली असते, असं आमचा मिस्त्री म्हणतो.

वाजवायची रीतही थोडी सांभाळा. लांबून एकदा, मग वेग कमी, जवळ आल्यावर “काका, उजवीकडून येतोय” एवढं पुरतं. गाई-म्हशींना घंटीचं काही सोयरसुतक नसतं, तिथे थांबायचं.

निगा

पावसाळ्यात गरारीवाली अडखळायला लागली तर वाटी काढा, आतली माती जुन्या टूथब्रशने झाडा आणि चाकांच्या आसावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. एकच. वाटीला तेल लावू नका, त्यावर धूळ बसते आणि आवाज जाडसर होतो. पितळ काळवंडलं तर वाटी सुटी करून चिंच-मिठाने घासा, धुऊन पूर्ण कोरडी करून मगच बसवा.

आणि महिन्यातून एकदा वाटी हाताने फिरवून आवळलेली आहे ना बघा. आमच्या शाळेच्या सायकल स्टँडवर वाट्या पळवणारी पोरं होती, ती आता नाहीत, पण खड्ड्यांचे हादरे तेच काम करतात. तिसऱ्या नंबरची माझी घंटी, सहापर्यंत आकडे मोजायला लावणारी पहिलीच, त्र्यंबक रोडच्या उतारावर अशीच गेली. समोर एक बाई डोक्यावर मोळी घेऊन चालल्या होत्या. मी खटका दाबला आणि नुसत्या चकत्या खुळखुळल्या. वाटी केव्हाच सुटून पडली होती. मागे जाऊन अर्धा तास शोधली. अंजनेरीच्या अलीकडे कुठेतरी गवतात असेल अजून.